तेल घालणाऱ्या मुलीचं भविष्य

माझा जन्म होडीत झाला. आई बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, खाडीच्या पलीकडे, भिवंडीच्या बाजूला. दिवस भरायला अजून पंधरवडा होता, पण एका सकाळी अचानक कळा सुरू झाल्या आणि गावातली सुईण नेमकी दुसरीकडे गेलेली. मामीने आईला होडीत बसवलं आणि डोंबिवलीकडे आणायला निघाली. मोठागावचा धक्का समोर दिसत होता. मी तेवढंही थांबले नाही. होडीत आई, मामी आणि होडीवाला, आणि तिघांपैकी कुणाकडेच घड्याळ नव्हतं.

दुसऱ्या कुणाच्या घरात ही कौतुकाने सांगायची गोष्ट ठरली असती. आमच्याकडे तिची अडचण झाली, कारण माझे वडील पत्रिका मांडत असत.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. कल्याणला रेल्वेच्या मालधक्क्यावर ते कारकून होते. ज्योतिष हा त्यांचा धंदा नव्हे, व्यासंग. रविवारी सकाळी आमच्या ओटीवर माणसं येऊन बसत. कुणाच्या मुलाला नोकरी लागत नसे, कुणाच्या लेकीचं लग्न ठरत नसे. अण्णा पंचांग उघडायचे, पाटीवर आकडेमोड करायचे, आणि जे दिसेल ते सांगायचे. चांगलं दिसलं तर चांगलं, वाईट दिसलं तर तेही, पण हळू आवाजात. कुणी नारळ ठेवला तरी तो परत हातात द्यायचे. गावात त्यांच्या शब्दाला मान होता, आणि त्यांची मुलगी म्हणून त्यातला थोडा मलाही मिळे.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीची जन्मवेळ ठाऊक नव्हती.

अण्णांनी प्रयत्न सोडले नाहीत. माझ्या बारशानंतर ते त्या होडीवाल्याला गाठायला धक्क्यावर गेले. तो म्हणाला, "घड्याल मना काय ठाव, दादा? पानी चरत व्हता. धक्क्याची तिसरी पायरी बुडाली, न पोर ररली." पाणी चढत होतं, तिसरी पायरी बुडाली आणि पोर रडली, एवढंच त्याला आठवत होतं. पण अण्णांना ते पुरेसं वाटलं. भरती-ओहोटी तिथीवर चालते. पुढच्या महिन्यात त्याच तिथीला रजा घेऊन, मित्राचं घड्याळ हातात धरून ते सकाळपासून धक्क्यावर बसले आणि तिसरी पायरी केव्हा बुडते ते पाहिलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही पाहिलं. घरी येऊन गणित मांडलं तर माझी वेळ नेमकी दोन लग्नांच्या सांध्यावर आली. चार मिनिटं अलीकडे धरली तर मिथुन लग्न, चार मिनिटं पलीकडे धरली तर कर्क. मिथुन धरलं तर मुलीला विद्या आणि वाणी उत्तम. कर्क धरलं तर शिक्षण अर्धवट, पण संसारसुख भरपूर.

अण्णांनी दोन्ही पत्रिका मांडल्या, दोन वेगळ्या कागदांवर, आणि एकावरही माझं नाव लिहिलं नाही.

मॅट्रिक झाले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. डोंबिवली तेव्हा लहान होती, विहिरींची, कौलारू घरांची, आणि तिन्हीसांजेला कंदिलाच्या काचा पुसणाऱ्या बायांची. मॅट्रिक झालेली मुलगी घरात आहे म्हटल्यावर स्थळं यायला लागली. पहिलं स्थळ ठाण्याचं, तळ्याजवळ राहणाऱ्या मंडळींचं. मुलगा सरकारी कचेरीत. त्यांना मी पसंत पडले. मुलाचे काका अण्णांना म्हणाले, "आता पत्रिका तेवढी द्या. तुमच्याच हातची, म्हणजे बघायलाच नको."

अण्णांनी आत जाऊन दोन्ही कागद आणले आणि सगळी हकिगत सांगितली. काकांनी दोन्ही कागद चष्म्याजवळ धरून पाहिले. त्यांनाही थोडंफार कळत असावं. ते हसून म्हणाले, "अहो, ही कर्क लग्नाची आमच्या मुलाशी छान जुळते. हीच हिची, असं समजू."

"तसं समजता येणार नाही," अण्णा म्हणाले.

"का बरं? तुम्हीच तर मांडलीय."

"मांडलीय. पण ती हिची आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. जे ठाऊक नाही त्यावर मी सही करत नाही."

काकांचा चेहरा पडला. चहा झाला, चांगलं बोलणं झालं, आणि आठ दिवसांनी ठाण्याहून नकाराचं पत्र आलं. पुढची दोन स्थळं तर घरापर्यंत आलीच नाहीत. 'ज्योतिष्याची मुलगी, आणि तिलाच पत्रिका नाही' हे गावभर झालं होतं. विहिरीवर एका बाईने मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "काहीतरी दडवत असणार. नाहीतर स्वतःच्या लेकीची पत्रिका कुणी ठेवत नाही का?"

मला त्या ठाण्याच्या मुलाशी लग्न करायचंच होतं असं नव्हे. त्याचा चेहराही मला नीट आठवत नाही. पण त्या दिवशी घागर घेऊन घरी आले ती रडतच. आईला म्हटलं, "अण्णांनी एक कागद निवडला असता तर काय बिघडलं असतं?"

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "बिघडलं काहीच नसतं. पण मग तुझे अण्णा राहिले नसते ते." आणि तिने भाकरी तव्यावर टाकली. तेव्हा मला ते पटलं नाही.

लग्न जमेना म्हणून रिकामं बसायला नको, असं म्हणून अण्णांनीच मला कल्याणला टायपिंगच्या क्लासात घातलं. एका दुकानाच्या माडीवर दहा-बारा मशिनं होती आणि दुपारभर तिथे पाऊस पडल्यासारखा खडखडाट चाले. माझ्या शेजारच्या मशिनवर माझ्याच वयाची एक मुलगी बसायची. ती कल्याण कँपातली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना तिथल्या लष्करी बराकींमध्ये ठेवलं होतं. एका लांबलचक बराकीत गोणपाटाचे पडदे लावून आठ कुटुंबं राहात, त्यांतलं एक तिचं. ती माझ्यापेक्षा जलद टाइप करायची आणि चुकलं की स्वतःच्याच बोटांवर चापट मारायची. आम्ही हिंदीतून बोलायचो; माझी हिंदी तोडकीमोडकी आणि तिची तिच्या वळणाची. इथे मी सगळं मराठीतच देते.

त्याच सुमाराला आमच्या वाचनालयाने दिवाळीसाठी हस्तलिखित अंक काढायचं ठरवलं आणि सभासदांकडून गोष्टी मागवल्या. वाचनालय म्हणजे दोन खोल्या आणि चार कपाटं. त्यांतल्या एका कपाटातली अद्भुत कथांची पुस्तकं मी लहानपणापासून इतक्यांदा वाचली होती, की काहींची पानं माझ्याच हाताने सुटली असतील. राक्षस, शाप, बोलणारे पक्षी मला खूप आवडत. एक गोष्ट मात्र टोचायची. त्या कथांत राजपुत्र जन्मला की कुणीतरी भविष्य सांगायचं, आणि मग राजाने काही केलं तरी ते खरं व्हायचंच. राजाने मुलाला महालात कोंडलं तरी, समुद्रापार धाडलं तरी. बहुतेकदा तर त्या कोंडण्यामुळेच व्हायचं. मग राजपुत्र एवढी धडपड करतो ती कशासाठी, असं मला वाटायचं. त्याच्यात आणि कळसूत्री बाहुलीत फरक काय?

अंकासाठी मीही तशीच एक गोष्ट लिहायला घेतली. खाडीतल्या एका बेटावरचं नगर. टेकडीवर एक दिवा पिढ्यान् पिढ्या तेवतोय आणि तो आहे तोवर समुद्र नगरात शिरत नाही. राजपुत्र जन्मतो, राजज्योतिषी पोथी उघडून सांगतो, 'याच्या हातून दिवा विझेल आणि नगरात पाणी शिरेल.' राजा घाबरून मुलाच्या हातांत चांदीचे मोजे चढवतो. विस्तव, तेल, वात यांच्या जवळही त्याला जाऊ देत नाहीत. राजपुत्र वीस वर्षांचा होतो. एका वादळात दिव्याचा म्हातारा राखणदार जखमी होतो. जवळ फक्त राजपुत्र असतो. तो मोजे काढून फेकतो आणि दिवा सांभाळायला जातो, पण त्या हातांना वात कशी सारायची हेच कधी शिकवलेलं नसतं. त्याच्या हातून दिवा विझतो.

इथपर्यंत लेखणी भराभर चालली आणि मग अडली.

नगर बुडवावं तर मी त्या जुन्या पुस्तकांसारखंच केलं असं झालं असतं. न बुडवावं तर मग भविष्याचं काय? संध्याकाळी मी अण्णांनाच विचारलं. ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. सगळी गोष्ट त्यांनी लक्ष देऊन ऐकली.

"ज्योतिषी खोटा पाडायचा असेल तर त्याला गोष्टीत आणलंसच कशाला?" ते म्हणाले.

"आणि खराच ठरवायचा असेल तर राजपुत्राला कशाला आणलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्योतिष्यानेच सगळं सांगून टाकावं. एका ओळीत गोष्ट संपली."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी सुपारी आणि अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "वादाला उत्तर चांगलं दिलंस. गोष्टीला अजून दिलेलं नाहीस."

चार दिवस डोकं खाजवून मी शेवटी नगर बुडवून टाकलं आणि वही वाचनालयाच्या चिटणीसांकडे नेऊन दिली. चिटणीस म्हणजे निवृत्त मास्तर, शुद्धलेखनाचे कडक. त्यांना गोष्ट फार आवडली. "शेवट उत्तम साधलाय. विधिलिखित टळत नाही," ते म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. उलट वही परत घेऊन घरी येताना कुणाची तरी वस्तू ढापल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी क्लासात मधल्या वेळी मी ती गोष्ट कँपातल्या मैत्रिणीला सांगितली. तिला मराठी वाचता येत नव्हतं. नागरी अक्षरं ती इथे येऊन शिकत होती, तिच्या घरची लिपी वेगळी. जिन्याच्या पायऱ्यांवर बसून मी सांगत होते आणि ती भाजलेले चणे खात ऐकत होती. नगर बुडालं तेव्हा तिने चणे खायचे थांबवले.

"सगळे बुडाले?" तिने विचारलं.

"सगळे."

"तिथे दुसरी माणसं नव्हती? राजा, त्याचा मुलगा आणि ज्योतिषी, एवढेच राहायचे त्या शहरात?"

"असतील ना. पुष्कळ होती."

"मग त्यांचं भविष्य कुणी बघितलं नाही?"

गोष्टीत भविष्य राजपुत्राचंच असतं, असं काहीतरी मी पुटपुटले. ती जरा चिडूनच म्हणाली, "आमच्या घरात अकरा माणसं होती. आजोबांनी अकराही जणांच्या पत्रिका करवून पेटीत ठेवल्या होत्या. कुणाच्या परदेशगमन, कुणाच्या जमीनजुमला. सगळ्यांना एकाच दिवशी घर सोडून निघावं लागेल, हे एकीतही नव्हतं. आणि कराचीच्या बंदरावर गर्दीत माझा धाकटा भाऊ हातातून सुटला, तो एका हमालाने उचलून बोटीत आमच्याकडे वर दिला. तो हमाल कुणाच्या पत्रिकेत होता, सांग. आम्ही त्याला ओळखतही नव्हतो. त्याला वाटलं, त्याने दिला. वाटलं नसतं तर तो पुढे निघून गेला असता."

एवढं बोलून ती उठली आणि मशिनवर जाऊन बसली. मी जिन्यावरच राहिले. क्लासच्या मास्तरांनी दोनदा हाक मारली तेव्हा आत गेले आणि त्या दुपारी एकही ओळ धड टाइप केली नाही. डोळ्यांपुढे ते नगर होतं, आणि पहिल्यांदाच त्यात माणसं दिसत होती. दिवा पिढ्यान् पिढ्या तेवतोय, तर त्यात रोज तेल कोण घालतं? कुणीतरी सकाळी बुधला घेऊन टेकडी चढत असणारच. मी चार पानं त्या दिव्यावर लिहिली होती आणि तेलाबद्दल एक शब्द लिहिला नव्हता.

घरी येऊन मी शेवटची तीन पानं फाडली.

नव्या शेवटात दिवा राजपुत्राच्या हातूनच विझतो. रस्त्यांत गुडघाभर पाणी शिरतं, म्हणजे ज्योतिष्याने सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. राजा, प्रधान, सैन्य सगळे होड्यांकडे धावतात, कारण पोथीत याच्यापुढे काही लिहिलेलंच नसतं. तेवढ्यात तेल घालणारी मुलगी टेकडी चढून वर येते, कारण तिची तेल घालायची वेळ झालेली असते. ती घरच्या चुलीतला निखारा मडक्यात घालून आणते. राजपुत्र विझलेल्या दिव्यापाशी रडत बसलेला असतो. ती त्याला म्हणते, "हात पुढे करा. वात अशी धरतात." दोघं मिळून दिवा लावतात. समुद्र मागे सरतो. ज्योतिषी धापा टाकत वर येतो, पोथीत तिचं नाव शोधतो, ते कुठेच नसतं. तो विचारतो, "तुझी जन्मवेळ काय?" ती म्हणते, "ठाऊक नाही. आई कामावर होती."

ही ओळ लिहून झाल्यावर मी ती पुन्हा वाचली आणि मला मोठ्याने हसू आलं. आई आतून बघायला आली, मुलीला काय झालं म्हणून.

चिटणीसांना मात्र नवा शेवट मुळीच पटला नाही. "हे काय केलंस? भविष्य खरं ठरलं की खोटं? काहीतरी एक ठरव."

"खरं ठरलं ना सर. पाणी शिरलं."

"पण नगर वाचलं!"

"नगर वाचणार नाही, असं त्याने सांगितलं नव्हतं. दिवा विझेल आणि पाणी शिरेल एवढंच सांगितलं होतं. पुढचं त्याला कुणी विचारलंच नाही."

चिटणीसांनी चष्मा काढून पुसला. "आणि लोक काय म्हणतील? तू कुणाची मुलगी आहेस? तुझ्या वडिलांची थट्टा केली असं वाटेल. जुना शेवट ठेव. अंकात पहिली गोष्ट म्हणून घेतो."

पहिली गोष्ट म्हणजे केवढा मान, हे मला कळत होतं. तरी मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं तरी शब्द फिरवला नाही. शेवटी ते म्हणाले, "रविवारी सभासदांपुढे कथावाचन आहेच. तिथे वाच. मंडळींना पटलं तर घेईन, नाहीतर नाही."

अण्णांना मी नवा शेवट दाखवला नव्हता. धीर झाला नव्हता. रविवारी दुपारी त्यांनी ओटीवरच्या माणसांना लवकर वाटेला लावलं, धुतलेला सदरा घातला आणि मागच्या रांगेत येऊन बसले. कल्याणहून माझी मैत्रीण आली होती, तिच्या त्या धाकट्या भावाला घेऊन. मराठी तिला निम्मं कळलं असतं की नाही कोण जाणे, पण ती पहिल्या रांगेत ताठ बसली होती. पन्नासेक माणसं असतील. त्यांतल्या निम्म्यांच्या पत्रिका माझ्या वडिलांनी पाहिलेल्या.

मी वाचलं. 'आई कामावर होती' या ओळीला मागच्या बाजूला कुणीतरी बाई खुदकन हसली आणि वाचन संपलं. थोड्या टाळ्या वाजल्या, थोड्या वाजता वाजता थांबल्या. एक पोक्त गृहस्थ उठले. म्हणाले, "लिहिलंय छान, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या घरात शास्त्राची उपासना चालते, त्या घरातल्या मुलीने ज्योतिष्याला असं पोथी चाळत उभं करावं, हे बरं दिसत नाही. अण्णा इथेच बसलेत. त्यांना काय वाटलं असेल?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मी मात्र वर पाहिलं नाही. मी वहीकडे बघत उभी होते.

अण्णा उठलेले मला आवाजावरूनच कळलं. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती. ते थांबत थांबत बोलले.

"मी वीस वर्षं पत्रिका बघतोय," ते म्हणाले. "माझा त्यावर विश्वास आहे, आणि उद्याही राहील. माझ्यासमोर जो बसतो, त्याच्यापुढे काय वाढून ठेवलंय ते मी सांगतो. पण त्याच्या मदतीला कोण येईल, येणारा काय करील, ते मला कधी दिसलेलं नाही. आजवर मला वाटायचं की ते बघायला माझं ज्ञान अपुरं पडतं. हिच्या गोष्टीतला ज्योतिषी पोथीत शोधतो आणि त्याला सापडत नाही, त्यात थट्टा नाही. मी रोज तेच करतो."

ते थांबले. बसतील असं वाटलं. पण मग म्हणाले, "या मुलीची जन्मवेळ मला सापडली नाही. फार शोधली. तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे, आणि त्यावरून काय काय बोललं जातं तेही मला माहीत आहे. सतरा वर्षं मला तो माझा कमीपणा वाटायचा. आज ही गोष्ट ऐकल्यावर वाटत नाही." आणि ते खाली बसले.

टाळी पहिल्यांदा वाजवली ती माझ्या मैत्रिणीच्या भावाने, बहुधा सगळं संपलं असं वाटून. मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्या गृहस्थांनीही वाजवल्या, हे मी मुद्दाम सांगते. मला वर बघायचं होतं पण डोळे भरून आले होते आणि पन्नास माणसांसमोर ते पुसायची लाज वाटत होती. आयुष्यात पुढे मला दोन-चार बक्षिसं मिळाली, शाली मिळाल्या. पण अभिमान म्हटला की मला तो धुतलेला सदरा आणि ते थांबत थांबत बोलणं आठवतं.

घरी परतताना मैत्रीण आणि तिचा भाऊ आमच्याबरोबर स्टेशनपर्यंत होते. अण्णांनी तिला विचारलं, "तेल घालणारी तुला कशी वाटली?"

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण जरा उशिरा आली."

अण्णा रस्त्यातच थांबून खो खो हसले. त्यांना असं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

गोष्ट अंकात आली. पहिली नव्हे, चौथी. पण एक शब्दही न बदलता आली. चिटणीसांनी आपल्या वळणदार अक्षरात ती स्वतः उतरवून काढली, आणि एका चित्रकार सभासदाकडून टेकडीचं चित्र काढून घेतलं. त्या चित्रात राजपुत्र लहान आणि मुलगी मोठी होती. पुढच्या वर्षी मुंबईच्या एका मुलांच्या मासिकाने ती छापली.

टायपिंगची परीक्षा आम्ही दोघी एकदमच पास झालो. ठाण्याला एका कारखान्याच्या कचेरीत तिला आधी नोकरी लागली, आणि सहा महिन्यांनी तिनेच साहेबांकडे शब्द टाकून मला तिथे लावलं. चार वर्षं आम्ही शेजारी-शेजारी बसलो. पहिल्या वर्षाअखेर तिच्या वडिलांनी कँपाजवळ कापडाचं छोटं दुकान टाकलं आणि गोणपाटाचे पडदे सुटले. ती नवं घर बघायला आम्हाला घेऊन गेली तेव्हा प्रत्येक भिंतीवर हात मारून दाखवत होती, ही आमची, हीसुद्धा आमची.

माझं लग्न तेविसाव्या वर्षी झालं. मुलगा कल्याणच्या शाळेत शिक्षक होता. त्याने ती गोष्ट मासिकात वाचली होती आणि वर्गात मुलांना वाचून दाखवली होती. त्याच्या घरून पत्रिकेची विचारणा झाली तेव्हा अण्णांनी नेहमीसारखे दोन्ही कागद पुढे ठेवले. माझ्या सासऱ्यांनी ते वाचलेच नाहीत. म्हणाले, "मुलीला विचारलंत का?" अण्णा म्हणाले, "विचारलं. ती हो म्हणतेय." "मग झालं तर."

अण्णांच्या रविवारच्या बैठका शेवटपर्यंत चालू राहिल्या. ज्योतिष त्यांनी सोडलं नाही, आणि मीही त्यांना ते सोडा म्हटलं नाही. त्या दिवाळीनंतर त्यांच्यात एक फरक मात्र पडला, आणि तो आधी आईच्या ध्यानात आला. पत्रिकेतलं सगळं सांगून झाल्यावर ते पंचांग मिटायचे आणि समोरच्याला विचारायचे, "घरात आणखी कोण कोण आहे? शेजारी कोण आहेत? त्यांच्याशी बोललात का?" लोक जरा गोंधळायचे, मग सांगायला लागायचे. कधी कधी त्या बोलण्यातच अर्धा तास जायचा आणि बाहेर थांबलेल्या लोकांना आईला चहा करून द्यावा लागायचा. ती कुरकुरायची. "पूर्वी ग्रह सांगून मोकळे व्हायचे, आता सगळ्या आळीची चौकशी करतात," म्हणायची, आणि आणखी एक भांडं पाणी चुलीवर चढवायची.